करवतीचें पातें : विकत घ्यावें कीं घरीं जोडावें ?

ज्याच्या दारांत ट्रॅक्टर उभा आहे त्याच्या पडवींत आतां बहुधा वेल्डिंगचें यंत्र असतें, आणि कोठें कोठें त्याच्या शेजारीं लोखंड कापण्याची लहानशी पट्टाकरवतही दिसूं लागली आहे. ट्रॉलीची चौकट, पाभरीची दांडी, गोठ्याचें फाटक, पाण्याच्या टाकीचा सांगाडा अशीं कामें शेतकरी आपल्या हातानें करूं लागला हें आम्हांस फार इष्ट वाटतें. मात्र या करवतीच्या पात्याविषयीं शेतकरी बंधूंत दोन टोकांचीं मतें आढळतात. कांहींजण म्हणतात कीं पातें तुटलें म्हणजे तें भंगारांत टाकावें व शहरांतून नवें आणावें. दुसरे म्हणतात कीं पातें म्हणजे शेवटीं दांते पाडलेली पट्टी; नांगराचा फाळ आपण लोहाराकडून पाजळून घेतों, तर ही पट्टीही गांवांतच कां करूं नये ? आमचें मत या दोहोंहून निराळें आहे. दांते पाडलेली पट्टी विकत घ्यावी. तिचा सांधा मात्र आपण घालावा.

दांते घरीं पाडण्याचा नाद कां सोडावा तें प्रथम सांगतों. साध्या पोलादाचे दांते कापतांना तापले व ती उष्णता दोनशें अंशांच्या फार पुढें गेली कीं त्यांचें पाणी उतरूं लागतें. म्हणून हल्लीं जीं बाय-मेटल पातीं मिळतात त्यांची पाठ लवचिक पोलादाची असते, व धारेच्या बाजूस हायस्पीड पोलादाची बारीक तार इलेक्ट्रॉनच्या झोतानें जोडून तिच्यांत दांते पाडलेले असतात. एम-४२ जातीच्या या तारेंत शेंकडा ८ कोबाल्ट असतो, व पांचशें अंशांपुढेंही तिची कठीणता टिकते. हें काम भट्टीपुढें ऐरणीवर होणारें नव्हे. लांकूड कापणाऱ्या मोठ्या पात्यास कानस लावून धार करितां येते, परंतु लोखंड कापणाऱ्या पात्याचे बारीक दांते एकदां बोथट झाले म्हणजे त्यांस धार लावण्याची मेहनत फुकट जाते.

सांध्याची गोष्ट वेगळी. किंबहुना या यंत्राचा सगळा इतिहासच सांध्याचा आहे. इंग्लंडांत विल्यम न्यूबेरी यानें १८०८ सालीं पट्टाकरवतीचें पेटंट घेतलें. पण चाकांवरून सतत वांकत जाणाऱ्या पात्याचा सांधा टिकेना, म्हणून ती युक्ति जवळजवळ चाळीस वर्षें तशीच पडून राहिली. १८४६ सालीं फ्रान्समधील आन पोलें क्रेपें या बाईंनीं पात्याचीं टोकें जोडण्याची रीत काढून तिचें पेटंट घेतलें, आणि तेथून पुढें ही करवत खरी चालूं लागली. तेव्हां ज्याला सांधा साधला त्याच्या हातीं निम्में यंत्र आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

सांधा दोन रीतींनीं घालतां येतो. पहिली विजेच्या सांधायंत्राची. टोकें काटकोनांत कापून समोरासमोर दाबावयाचीं व त्यांतून वीज सोडावयाची. हें क्षणाचें काम असलें तरी सांधा झटकन् थंड होऊन कांचेसारखा ठिसूळ बनतो. तो पुन्हां मंद तांबडा होईपर्यंत तापवून सावकाश निवूं द्यावा लागतो, आणि जे हें करीत नाहींत तेच पुढें सांधायंत्रास नांवें ठेवितात. दुसरी रीत चांदीच्या डाकाची, व आमच्या समजुतीप्रमाणें घरच्या घरीं हीच बरी. दोन्ही टोकें एकावर एक धरून एकदमच उतरतीं घांसावीं, म्हणजे दोन्ही उतार आपोआप जुळतात. उतार पट्टीच्या जाडीच्या दहापट तरी लांब असावा. पात्याची पाठ सरळ पट्टीस टेकवून टोकें घट्ट आवळावीं. येथें केसभर वांक राहिला तर पातें चाकावर पुढेंमागें धांवूं लागतें. सोनाराचा नुसता टाकणखार येथें उपयोगी नाहीं, कारण तो डाकानंतर वितळतो; डाकाबरोबर मिळणारी लुकणीच घ्यावी. कांहीं डाकांत कॅडमियम असतें व त्याचा धूर फुप्फुसांस घातक आहे, यासाठीं कॅडमियमविरहित डाकच मागावा. साध्या वेल्डिंगच्या कांडीनें मात्र पातें जोडण्याच्या भरीस पडूं नये.

तुटलेलें प्रत्येक पातें जोडण्यासारखें असतें असें नाहीं. दांत्यांच्या बुडाशीं बारीक चिरा दिसल्या तर पातें शिणलें आहे. एक सांधा घातला तर तें दुसरीकडे तुटेल. नव्या पात्याचा सांधाच सुटला असेल, किंवा काम अडकून पातें मोडलें असेल, तर जोडणें फायद्याचें. दोनतीन दांते गळाले असतील तर त्यांपुढील दांते क्रमाक्रमानें थोडे उतरते घांसल्यास पातें पुष्कळदां वांचतें. आणि दांते गळतात ते बहुतेक आपल्याच निवडीमुळें. कापाच्या जाडींत निदान तीन दांते असावे हा नियम आहे. सहा मिलिमीटरच्या अँगलला इंचास १४ दांते ठीक. इंचास ६ दांत्यांचें पातें त्यावर घातलें तर दीड दांतासुद्धां कापांत राहत नाहीं.

आतां हिशेब. यंत्राचें पातें ६४॥ इंचांचें असेल तर शंभर फुटांच्या गुंडाळींतून १८ पातीं निघतात व सव्वातीन फूट पट्टी उरते. प्रत्येक सांध्यांत अर्धा इंच गेला तरी पुरतें, आणि उरलेला तुकडा सरावास होतो. वर्षाकाठीं दोन पातीं लागणाऱ्यानें अख्खी गुंडाळी घेण्यांत अर्थ नाहीं. त्यानें तयार पातें घ्यावें व सांध्याची विद्या तेवढी शिकून ठेवावी. ऐन उसाच्या तोडणींत ट्रॉलीचा दांडा मोडून पडला असतां शहराची वाट पाहण्यांत जे दोन दिवस जातात त्यांची किंमत पात्याच्या किंमतीहून कितीतरी अधिक असते.

याच कारणास्तव आम्ही सुचवितों कीं, प्रत्येक तालुका संघानें एक सांधायंत्र व दोन जातींच्या गुंडाळ्या ठेवाव्या आणि सांध्यामागें ठरीव आकार घ्यावा. गुंडाळी उघडतांना ती कमानीसारखी उसळते, म्हणून हातमोजे व चष्मा हवाच. चालू करवतीजवळ मात्र हातमोजे घालूं नयेत. सांधा कधीं घातला व पुढें पातें सांध्यावर तुटलें कीं अन्यत्र, याची नोंद वहींत करावी. दोन वर्षांची वही जमली म्हणजे कोणती पट्टी पुन्हां मागवावयाची याबद्दल व्यापाऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहावें लागणार नाहीं.