औषध तेच, अळी वेगळी

सिल्लोड, पैठण, गंगापूर, कन्नड. जिल्ह्यातल्या कपाशीच्या कोणत्याही गावात 'औषधात दम राहिला नाही' ही तक्रार ऐकू येते. तक्रार खरी, निदान चुकीचे. औषध तेच आहे. अळी बदलली आहे.

अळीला विषाची सवय होत नाही. असंख्य अळ्यांत एखादीला ते पचवण्याची क्षमता जन्मतःच असते. फवारणीत बाकीच्या मरतात, ती उरते आणि तिचीच वीण वाढते. तेच औषध वारंवार मारले, की काही पिढ्यांत शेतात तशाच अळ्या दिसू लागतात.

बीटी कपाशीचे हेच झाले. देशात २००२ मध्ये एका, तर २००६ मध्ये दोन बीटी जनुकांचे वाण आले. गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्याला, मग दुसऱ्यालाही दाद दिली नाही. २०१७ मध्ये तिने मराठवाडा-विदर्भातील बोंडे पोखरली. कडेने लावायच्या बिगर-बीटी झाडांवर विषाला बळी पडणारे पतंग टिकून राहतात. त्यांच्याशी संकर झाला, की प्रतिकार पसरण्याचा वेग मंदावतो. पण ते बियाणे अनेकांनी लावलेच नाही.

औषध चालेनासे झाले, की मात्रा वाढते, एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळली जातात. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. फवारणाऱ्याच्या श्वासात आणि कातडीत मात्र पोहोचतो. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याचा विसर पडता कामा नये.

उपाय ठाऊक आहेत. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत; सलग ३ रात्री सापळ्यात सरासरी ८ पतंग आले किंवा १० टक्के फुले-बोंडे किडली, तरच फवारणी करावी. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. पुढची फवारणी वेगळ्या गटातील औषधाची असावी. डब्यावरचे नाव बदलले म्हणजे औषध बदलले असे नव्हे. आतील घटकाचे नाव वाचावे. फरदड घेऊ नये.

मात्र ही शिस्त एकट्याने पाळून भागत नाही, कारण पतंग बांध ओळखत नाही. कृषी विभागाने गावोगावच्या सापळ्यांतील पतंगांची संख्या दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी. फवारणी कधी करायची, हे दुकानाच्या काउंटरवर नव्हे, त्या आकड्यावर ठरावे.