भाषणं मोजण्याआधी रांग पाहा

दुबईच्या करामातल्या एका उपाहारगृहात परवा वडापाव खाता खाता वाद पेटला. एका स्नेह्याने गावाकडच्या खासदाराच्या भाषणांचा आकडा मोबाइलवर दाखवला आणि निकाल देऊन टाकला, ‘‘हा गडी बिनकामाचा. तोंडच उघडत नाही.’’ मग अबू धाबीतल्या संघीय परिषदेकडे मोर्चा वळला, ‘‘इथं तर पक्षच नाहीत. कोण कशाला बोलेल?’’

दोन्ही विधानं खोडून काढण्याजोगी आहेत.

आधी पहिलं. लोकसभेत चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळावर वाटतात. त्या वेळात कोण उभा राहणार, ते पक्षच ठरवतो. 1967 साली काँग्रेसचे 283 खासदार होते, प्रजा समाजवादी पक्षाचे 13. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै या तेरा जणांतले. त्यांची वाणी असामान्य होती, हे खरंच. पण छोट्या पक्षाला मिळालेल्या एका पाळीवर हक्क सांगणारे थोडे असतात. सत्ताधारी पक्षात मंत्री आणि ज्येष्ठ बोलून झाले की शेवटच्या बाकाला काय उरतं?

आता दुसरं. अमिरातींच्या संघीय राष्ट्रीय परिषदेत 40 सदस्य आहेत: अबू धाबी व दुबईचे आठ-आठ, शारजा व रास अल खैमाचे सहा-सहा, उरलेल्या तीन अमिरातींचे चार-चार. निम्मे निवडलेले, निम्मे नेमलेले. पक्ष नाही म्हणून व्हिप नाही, आणि रांग लोकसभेसारखी 543 जणांची नाही. सभागृहात मांडलेल्या मताबद्दल सदस्याला जाब विचारता येत नाही, हे संविधानाच्या 81व्या अनुच्छेदात लिहिलेलं आहे. तेव्हा पक्ष नाहीत म्हणजे तोंडं बंद, हे गणित चुकतं.

लगाम आहे, पण तो दुसरीकडे. एखादी चर्चा संघराज्याच्या सर्वोच्च हिताला बाधक आहे असं मंत्रिमंडळाने कळवलं, तर 92व्या अनुच्छेदाप्रमाणे ती करता येत नाही. शिवाय विधेयकात परिषदेने सुचवलेले बदल सरकारवर बंधनकारक नाहीत. इथे पाळी मिळणं सोपं, शब्दाचं वजन मात्र हलकं.

म्हणून माझं म्हणणं असं: आकडा वाचण्याआधी वक्त्यांची यादी कोण करतं, विषय कोण अडवू शकतं आणि बोलून पदरात काय पडतं, हे विचारा. स्वभावाचा नंबर त्यानंतर.

‘‘म्हणजे आळशांना पळवाट!’’ स्नेही म्हणाला. मुळीच नाही. त्याच पक्षातल्या, त्याच बाकावरच्या शेजाऱ्याशी तुलना करा. तिथे आळस लपत नाही. त्याने पुन्हा मोबाइल उघडला. आपला खासदार कुठल्या बाकावर बसतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.