अडकलेलं सनरूफ आणि ‘नुसतं बघायचे’ पैसे



जुन्या गाडीचं सनरूफ अडकलं की बऱ्याच गॅरेजमध्ये एकच इलाज ऐकायला मिळतो. "साहेब, सिलिकॉन मारून कायमचं बंद करून टाकू. परत कटकट नको." पाच-सातशे रुपयांत काम होतं. गिऱ्हाईक मोकळं, मेकॅनिकही मोकळा.

माझं मत सरळ सांगतो. तुम्हाला गाड्यांच्या कामात स्वतःचं नाव करायचं असेल, तर हे पाच-सातशे रुपये हातात घेऊ नका. यात गाडी खराब होते आणि तुमचा धंदाही. मग पैसे कशाचे घ्यायचे? बिघाड नेमका कुठे आहे, हे शोधून सांगायचे. आपल्याकडे नेमके हेच पैसे कुणी मागत नाही.

सिलिकॉन मारल्यावर काय होतं?

सनरूफ म्हणजे बरणीचं घट्ट झाकण नव्हे. कडेच्या रबरातून थोडं पाणी आत येणार, हे गाडी बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. ते पाणी आतल्या चरात जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून गाडीखाली पडतं. पुढच्या नळ्या पुढच्या काचेशेजारच्या खांबांतून उतरतात, मागच्या मागच्या बाजूने.

गाडी झाडाखाली उभी असते, धूळ-पाला साचतो, नळ्या तुंबतात. मग पाणी छताच्या कापडात मुरतं आणि पायाखालची मॅट ओली होते. मालक म्हणतो, "रबर गेलं." मेकॅनिक वरून सिलिकॉन लावतो. आपल्या उन्हात ते कुठेतरी एका कडेला सुटतंच. तिथून पाणी आत जातं, पण बाहेर पडायची वाट अजून बंदच असते. पाणी चरात बसून राहतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो.

मालकाला कळतं तेव्हा छताचं कापड उतरवणं, गंजलेला पत्रा कापणं, वेल्डिंग, रंगकाम अशी सगळी रांग लागलेली असते. आणि तेव्हा तो एकच वाक्य बोलतो: "त्या अमक्याने सिलिकॉन लावलं होतं." ते नाव तुमचं असू नये.

एक गाडी धरून बोलू

मर्सिडीजची डब्ल्यू १२४ घ्या. १९९५ मध्ये मर्सिडीजने भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली ती पुण्यात, टेल्कोच्या आवारात, आणि पहिली गाडी हीच. या गाड्या आजही पुण्या-मुंबईत लोकांनी जपून ठेवल्या आहेत. त्याआधीची डब्ल्यू १२३ सुद्धा काही घरांत दिसते. यातल्या ज्या गाड्यांना विजेवर चालणारं सनरूफ आहे, त्यांची गंमत बघा: सनरूफची मोटर छतात नसते, डिकीत असते! तिथून दातेरी पोलादी केबल नळीतून छतापर्यंत जाते आणि सनरूफ पुढे-मागे ढकलते.

ज्याला हे माहीत नाही, तो मोटर शोधायला छताचं कापड उतरवतो. ज्याला माहीत आहे, तो डिकीच्या बाजूचं अस्तर काढतो. गाडी तीच, तक्रार तीच. एकाने मालकाचा खर्च वाढवला, दुसऱ्याने वाचवला. तुमच्या माहितीची किंमत ही अशी असते.

आता तपासणीचा क्रम बघा. हा वहीत लिहून ठेवा.

१. आधी फ्यूज आणि स्विच. बटण दाबल्यावर आवाजच येत नसेल, तर मोटरपर्यंत करंट पोहोचतोय का ते मीटर लावून बघा. करंट नसेल तर छताला हात लावायची गरज नाही.

२. आवाज येतो, सनरूफ हलत नाही. मोटरला घसरणारा क्लच असतो, म्हणजे जास्त जोर आला की तो सुटतो. क्लच ढिला झालाय, केबलचे दाते गेलेत, की छतच अडकलंय, हे इथे ठरवायचं. क्लच आवळून जोर वाढवायचा मोह होतो. कारण कळल्याशिवाय तो मोह नको. अडकलेल्या छताला जास्त जोर दिला की केबल किंवा प्लॅस्टिकचे तुकडे बळी जातात.

३. हाताने फिरवून बघा. वीज गेली तर सनरूफ बंद करता यावं म्हणून मोटरपाशी हाताने फिरवायची सोय दिलेली असते. हळूहळू फिरवा. किती जड जातंय, कुठे अडतंय, हे हाताला कळतं. एक जण डिकीपाशी, एक जण छताकडे बघत. या जुन्या छताला बोट मध्ये आलं म्हणून आपोआप थांबायची अक्कल नाही, तेव्हा हात लांब ठेवा.

४. तिरकं चालतंय? दोन्ही बाजूंच्या केबल एकसारख्या सरकायला हव्यात. एक बाजू मागे राहिली तर छत तिरकं होऊन फसतं. रुळात सरकणारा प्लॅस्टिकचा तुकडा मोडला की असं होतं.

५. ग्रीस. वर्षानुवर्षं न वापरलेल्या सनरूफचं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. कितीतरी वेळा दुखणं एवढंच असतं. जुनं पुसून काढा, नवीन लावा. नुसता स्प्रे मारून "झालं साहेब" म्हणू नका. स्प्रेने आज सरकतं, पण उरलेलं ग्रीसही धुऊन जातं आणि गाडी परत दारात येते.

६. शेवटी नळ्या. चारही कोपऱ्यांत थोडं-थोडं पाणी ओता आणि गाडीखाली वाकून बघा. तुंबली असेल तर मऊ नायलॉनची दोरी घालून मोकळी करा. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर नळी आतल्या आत जोडावरून निसटते. मग पाणी थेट गाडीत.

आता पैशांचं बोलू

या सहा पायऱ्यांना दीड-दोन तास लागतात. समजा तुम्ही तपासणीचे १,५०० रुपये ठरवलेत. गिऱ्हाईक विचारणारच, "नुसतं बघायचे पैसे?" तेव्हा शरमायचं नाही. शांतपणे सांगा, "साहेब, बिघाड कुठे आहे, काय बदलायचं, किती लागेल हे फोटोसकट लेखी देतो. तो कागद घेऊन तुम्ही दुसरीकडे गेलात तरी चालेल."

शेवटचं वाक्य गाळू नका. दुसरीकडे जायची मोकळीक दिली की माणूस सहसा तुमच्याकडेच थांबतो. आणि गेलाच, तरी तुमचे दोन तास फुकट गेले नाहीत.

तपासणीचे पैसे न घेणारा माणूस ते कुठून काढतो? नको असलेली मोटर बदलून. म्हणून मी म्हणतो, फुकट तपासणी गिऱ्हाइकालाच महाग पडते. हे त्याला पटवणं तुमचं काम आहे.

आणखी तीन सवयी लावून घ्या. हात लावायच्या आधी छताचा आणि चराचा व्हिडिओ काढा, म्हणजे जुना गंज तुमच्या नावावर पडणार नाही. पार्ट परदेशातून येणार असेल तर चासी नंबर देऊन मागवा, कस्टम ड्युटी अंदाजात धरा आणि अॅडव्हान्स घ्या. तोवर छत हाताने बंद करून गाडी मालकाला परत द्या, कारण तुमच्या शेडमधली जागा अडली की भाडं तुमच्या खिशातून जातं. तिसरी सवय म्हणजे नाही म्हणायला शिका. चराचा पत्रा गंजून भोकं पडली असतील तर ते काम पत्रावाल्याचं. तसं लिहून द्या.

पण यावर घर चालेल का?

फक्त जुन्या मर्सिडीजवर? नाही चालणार. तशा गाड्या मोजक्या. पण आज नेक्सॉन, व्हेन्यू, क्रेटा अशा गाड्याही सनरूफ घेऊन फिरताहेत. त्यांची वॉरंटी संपेल, नळ्या तुंबतील, रूळ कोरडे पडतील. रचना बदलली तरी चर, नळी, रूळ आणि केबल हे गणित तेच आहे. जुनी गाडी ही तुमची शाळा, रोजची भाकरी या नव्या गाड्यांची. दरवर्षी मे महिन्यात ‘पावसाळ्याआधी सनरूफ तपासणी’ एका ठरावीक दरात द्या. हे दरवर्षी परत येणारं काम आहे.

एवढ्याशा विषयात धंदा होतो का, असं वाटत असेल तर हाइन्झ प्रेक्टर हे नाव लक्षात ठेवा. जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या या तरुणाने १९६५ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकन सनरूफ कंपनी सुरू केली. काम एकच, गाड्यांना सनरूफ बसवून देणं. पुढे खुद्द मोटार कंपन्या त्याच्या गिऱ्हाईक झाल्या. विषय लहान होता, पण त्यात त्याच्याइतकं जाणणारे फार नव्हते.

या आठवड्याचा गृहपाठ

सनरूफ असलेली ओळखीतली एक गाडी शोधा, मालकाची परवानगी घ्या आणि चारही नळ्यांत पाणी ओतून बघा. काय आढळलं ते एका पानावर, मालकाला समजेल अशा मराठीत लिहा. पान वाचून त्याने "मग आता काय करायचं?" असं विचारलं, तर तुमच्याकडे विकण्यासारखं काहीतरी आहे. पुढच्या गाडीला त्या पानाचे पैसे लावा.