वाशी टेप आणि डिंकाची बाटली

"आजी, मला वाशी टेप आणायला जायचंय," नात म्हणाली. मी म्हटलं, "त्यासाठी वाशीला कशाला जायला हवं? करामात मिळत नाही का?" ती सोफ्यावर लोळून हसली, आणि संध्याकाळपर्यंत हा विनोद तिच्या सगळ्या मैत्रिणींपर्यंत पोचला.

तुमच्यापैकी माझ्या वयाच्या वाचकांसाठी सांगते. वाशी टेप म्हणजे नक्षीची रंगीत कागदी चिकटपट्टी. जपानीत 'वा' म्हणजे जपानी आणि 'शी' म्हणजे कागद. नव्या मुंबईचा तिच्याशी काही संबंध नाही, हे मला ७४व्या वर्षी कळलं. ही पट्टी प्रथम बनवणारी जपानी कंपनी १९२३ साली माशा पकडायचा चिकट कागद करत असे. पुढे रंगाऱ्यांना लागणारी पट्टी करू लागली, आणि २००८ साली तीच पट्टी रंगवून वह्या सजवण्यासाठी विकायला लागली. माशीपासून मैत्रिणींपर्यंतचा हा प्रवास मला फार आवडला. असो.

आम्ही दुकानात गेलो. प्लॅनर, म्हणजे तारखा छापलेली जाड वही, तिला कड्यांचं कव्हर, कव्हराला पेन अडकवायची पट्टी, खाली लोंबणारं छोटं लोलक, आणि स्टिकरांची पाकिटं: चहाचे कप, मांजरी, ढग, पानं. बिल झालं १८७ दिरहम. पहिल्या पिढीतला माणूस इथे ४० वर्षं राहिला तरी मनात रुपयांनी गुणायचं सोडत नाही. माझे ओठ हललेले पाहून नात म्हणाली, "आजी, कन्व्हर्ट नको ना करू!"

जानेवारीचे पहिले दोन आठवडे घरात कात्री आणि कागदाचे कपटे यांचं राज्य होतं. मार्चमध्ये तिने हौसेने मला वही दाखवली. पानं देखणी होती, खरंच. पण लिहिलेलं काय? 'मॅथ्स टेस्ट', 'डेंटिस्ट', आणि एका जागी 'हॅपी डे'. बाकी सगळे ढग आणि मांजरी. मी तिला एक भाषण दिलं. आयुष्यभर वर्गात ५० मिनिटं बोलायची सवय, भाषण लांबलं. त्यातलं अर्धं मी आज, याच अंकात, मागे घेते आहे. उरलेल्या अर्ध्यावर मात्र ठाम आहे.

आधी मागे घेतलेल्या अर्ध्याविषयी. "आमच्या वेळी वही ही लिहायची वस्तू होती, नटवायची नव्हे," असं मी म्हणाले होते. इतिहासाच्या प्राध्यापिकेने असं म्हणणं ही लाजेची गोष्ट आहे. दिवाळीत आपण दुसरं काय करतो? लक्ष्मीपूजनाला किंवा पाडव्याला व्यापारी नवी चोपडी पाटावर ठेवतो, पहिल्या पानावर 'श्री' काढतो, कुंकवाचं स्वस्तिक रेखतो, 'शुभ लाभ' लिहितो, हळद-फूल वाहतो आणि मग हिशोब सुरू करतो. ती लाल कापडाची बांधणी, तो कुंकवाचा ओला ठसा. नटवणं नाही तर काय आहे हे?

माझ्या पीएच.डी.साठी पुण्याच्या पेशवे दफ्तरात मी काही वर्षं रुमाल सोडण्या-बांधण्यात घालवली. कागदांच्या गठ्ठ्याला तिथे रुमाल म्हणतात, कारण ते खरोखरच कापडात बांधलेले असतात. मोडी लिहिणारा कारकून आधी आडवी रेघ ओढून घेई आणि मग अक्षरं तिच्याखाली टांगत जाई. पत्राच्या माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब. मोर्तब उठलं की त्याखाली कुणाला एक अक्षर वाढवता येत नसे. म्हणजे तिथल्या सजावटीला काम होतं. कुंकू सुरुवात सांगतं, मोर्तब शेवट सांगतं.

'रोजनिशी' हा शब्दच पाहा. रोज म्हणजे दिवस, आणि 'निशी' मधला 'नीस' तोच जो फडणीस-चिटणिसांत आहे: फारसीत लिहिणारा. तारीख, हिशोब, कलम, दौत हे शब्द अरबीतून आपल्याकडे आले आणि इतके मुरले की ते पाहुणे आहेत हे आपण विसरलो. त्या दिवशी दुकानात एक अरब बाई काउंटरवरच्या मुलाकडे 'दफ्तर' मागत होत्या. त्यांना हवी होती साधी वही. आपण त्याच शब्दाने पोरांच्या पाठीवरची पिशवी ओळखतो आणि पुण्यात त्याच शब्दात अख्खी पेशवाई ठेवतो.

नातीला मी एकदा जुन्या कागदावरचा सन वाचून दाखवला: 'अर्बा खमसैन मया व अलफ'. ती उडालीच. "आजी, हे तर आम्हाला शाळेत आहे! फोर, फिफ्टी, हंड्रेड, थाउजंड!" बरोबर. ११५४. हा शुहूर सन. मृग नक्षत्राला सुरू होतो, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७५३-५४. पुण्यातला कारकून मराठी पत्रावर अरबी आकड्यांत तारीख घालत होता आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. दुबईत वाढणाऱ्या मराठी मुलांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. घरात एक भाषा आणि शाळेत तीन, ही अडचण फक्त तुमची नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती सांगायला मला जरा जड जातं.

माझे यजमान १९७९ साली दुबईला आले. मी सांगलीच्या कॉलेजातली नोकरी सोडायला तयार नव्हते, त्यामुळे २४ वर्षं आमचा संसार दोन गावांत चालला. ते करामात चौघांत एक फ्लॅट करून राहत. मी मुलाला घेऊन मे महिन्याच्या सुट्टीत, नेमकी उन्हं तापलेली असताना, येत असे. दर जानेवारीला त्यांना कंपनीची डायरी मिळायची. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला अरबी, तारखेखाली हिजरी तारीख. आठवडा शनिवारी सुरू होई आणि शुक्रवार लाल. त्या डायरीत तिथी नव्हती, चतुर्थी नव्हती, गुढीपाडवा नव्हता. तो दिवस डायरीच्या दृष्टीने एक कामाचा दिवस होता, बस.

मी दर डिसेंबरला कालनिर्णय गुंडाळी करून त्यांच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर पाठवायची. इथे पोस्टमन दारात येत नाही, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. पत्र म्हणजे पेटी क्रमांक. हे गृहस्थ त्या कालनिर्णयातले सणावारांचे चौकोन कात्रीने कापायचे आणि डिंकाने डायरीत चिकटवायचे. (त्यामुळे मागच्या बाजूची पाककृती अर्धवट कापली जायची, आणि फ्लॅटमध्ये स्वयंपाकाची पाळी असलेला सोबती वैतागायचा.) १९८३च्या सुट्टीत मी ते प्रथम पाहिलं आणि म्हणाले, "लहान मुलासारखी काय ही कापाकापी?" त्यांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "वहीत असला की दिवस चुकत नाही."

२००३ साली ते परत आले तेव्हा ट्रंकेत २४ डायऱ्या होत्या. मी हौसेने उघडल्या. इतक्या वर्षांचं मन त्यात असेल असं मला वाटलं होतं. निघाले आकडे. 'ड्राफ्ट पाठवला.' 'बस.' 'केस कापले.' 'तांदूळ ५ किलो.' काही तारखांभोवती लाल पेनाने गोल होता, त्याचा अर्थ मी विचारलाही नाही. २००९ साली घराला रंग काढला तेव्हा माळ्यावरची जागा हवी होती. १९८७ ते १९९४ अशा ८ डायऱ्या मी रद्दीवाल्याला घातल्या. आकडेच तर होते. ते काही बोलले नाहीत.

ते गेले २०१६ साली. पुढच्या वर्षी मी मुलाकडे, इथे करामात, राहायला आले.

गेल्या वर्षी नातीला शाळेचा प्रकल्प होता: तुमच्या जन्माआधीची मोठी घटना, घरच्यांच्या आठवणीतून. तिने विचारलं, "इराकने कुवेत घेतलं तेव्हा आजोबा इथे होते ना? त्यांनी काय लिहिलंय?" २ ऑगस्ट १९९०, गुरुवार. मी सांगलीत रेडिओला कान लावून बसले होते, फोन लागत नव्हता, आणि चौकातला प्रत्येकजण आखातातल्या युद्धाचा तज्ज्ञ झाला होता. त्या दिवशी त्या माणसाने काय लिहिलं असेल? कदाचित 'तांदूळ' एवढंच. पण तांदूळ किती, नेहमीचे ५ किलो की साठवणीचे २०, हे मला आज हवं आहे. पेशव्यांच्या रोजनिश्यांतही 'मन उदास' असं कुणी लिहिलेलं नाही. गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेल्या त्या नोंदींत आज्ञा आहेत, इनामं आहेत, जमाखर्च आहे, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्याच कोरड्या नोंदींतून त्या काळचा समाज वाचून दाखवला. हे मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत होते. घरच्या माळ्यावरची रोजनिशी मात्र किलोवर विकली.

उरलेल्या डायऱ्या आम्ही दोघींनी मिळून पाहिल्या. १९८४, २४ ऑक्टोबर, बुधवार. लक्ष्मीपूजनाचा चौकोन चिकटवलेला, डिंक पिवळा पडून कागदाच्या कडेने बाहेर आलेला. खाली लिहिलंय: 'ड्यूटी. पार्सल आलं. चकल्या मोडल्या, चव चांगली.' तारखेभोवती लाल गोल. नात पानं उलटत मागे-पुढे गेली आणि तिनेच शोधून काढलं. जिथे जिथे 'पत्र' किंवा 'पार्सल' हा शब्द होता, तिथे तिथे लाल गोल होता. मग त्या चौकोनावर बोट फिरवत म्हणाली, "आजी, आजोबा तर जर्नलिंग करायचे. हा स्टिकरच आहे."

तेव्हा माझं मत बदललं.

आता ज्या अर्ध्यावर मी ठाम आहे ते. मुलामुलींनो, तुमचा प्लॅनर कुणासाठी छापलाय ते एकदा पाहा. नातीच्या वहीत थँक्सगिव्हिंग छापलेला आहे. त्यात ईद नाही, पाडवा नाही, दसरा नाही. तुमच्या आजोबांच्या पिढीला शुक्रवारची डायरी मिळाली. २०२२ पासून इथे सुट्टी शनिवार-रविवारी आली. तुम्हाला दुसऱ्याच देशाची वही मिळते. छापील वही नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी आठवड्याची असते. ती आपली करायची असेल तर सजवायलाच हवी. पण मग आपल्या गोष्टींनी सजवा. पाकिटातला चहाचा कप हा कुणाचाही कप आहे. करामाच्या हॉटेलातल्या चहाचं बिल, मेट्रोचं जुनं कार्ड, आजीने पाठवलेल्या पार्सलवरचा पत्ता, मैत्रिणीने इफ्तारला दिलेल्या खजुराच्या डब्याचा कागद, हे फक्त तुमचं.

दुसरं, आधी लिहा, मग चिकटवा. आज गाजत असलेली बुलेट जर्नलची पद्धत रायडर कॅरोल यांनी २०१३ साली लोकांपुढे मांडली तेव्हा त्यात फक्त ठिपके आणि रेघा होत्या. फुलं नंतर इतरांनी काढली. काढा, माझी हरकत नाही. पण आधी पूर्ण पान सजवलं की लिहायला भीती वाटते, अक्षर बिघडेल, पान खराब होईल. नातीने मला हे स्वतः सांगितलं. पान खराब होऊ द्या.

आणि रोज एक ओळ मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकू दे. मोडी कारकून ते कधीच पाळत नसत. 'जेवन' लिहिलंत तरी पोट भरल्याचं कळतं. 'कंटाळा आला' हे इंग्रजीत लिहून पाहा, तेवढा कंटाळा त्यात येत नाही.

आईवडिलांना माझी विनंती वेगळी आहे. १८७ दिरहमांचा हिशोब मुलांसमोर करू नका. मी केला आणि पस्तावले. त्यापेक्षा स्वतः एक वही घ्या. आपण इथे व्हिसावर राहतो, फ्लॅट बदलतो, कधीतरी गाव बदलतो, आणि प्रत्येक वेळी वजनाच्या मर्यादेत काय बसतं ते पाहतो. डायऱ्या जड असतात, मला ठाऊक आहे. फेकायच्या आधी घरातल्या सगळ्यात लहान माणसाला विचारा.

नव्या वर्षाचं कालनिर्णय दिवाळीच्या आसपास करामाच्या वाण्याकडे येतं. यंदा आम्ही दोन घेणार आहोत, एक भिंतीला आणि एक कात्रीला. डिंक मात्र बाटलीतला नको, तो पिवळा पडतो. नात म्हणते, ग्लू स्टिक घ्यावी.