यंत्राची चूक, आईची उपासमार?

१ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा मोबाईलच्या कॅमेऱ्याने पडताळणे केंद्र सरकारने सक्तीचे केले. यंत्राला जात नसते, असे सांगितले जाते. पण २०१८ मध्ये अमेरिकेत तपासलेल्या यंत्रणा स्त्री-पुरुष ओळखताना गोऱ्या पुरुषांबाबत फार तर ०.८ टक्के चुकल्या, काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. यंत्राला शिकवताना कुणाचे चेहरे समोर ठेवले, हाच खरा प्रश्न आहे.

अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने गरोदर व स्तनदा मातांना आहाराचा हक्क दिला. ती कॅमेऱ्याची मेहेरबानी नव्हे. चेहरा जुळला नाही म्हणून आहार नाकारला, तर भगिनींनो, मुकाट्याने परतू नका. कारण लेखी मागा, जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी तो लिहून द्यावा.