टोक पाहू नका, बूड पाहा

दगडी हत्यारे स्वतः घडवून पाहणारे अभ्यासक वाढताहेत, ही आनंदाची गोष्ट. पण संपादकीय टेबलावर येणारे बाणाग्रांच्या प्रतिकृतींचे फोटो पाहिले की मन खट्टू होते. बहुतेक नमुने अमेरिकी घाटाचे असतात : रुंद त्रिकोण, दोन्ही अंगांनी काढलेले छिलके, बुडाशी दोन खाचा. देखणे खरेच, पण आपल्या पठारावरच्या शिकाऱ्याचे हे हत्यार नव्हे.

कारण आपल्या पायाखालीच आहे. आपल्या कारंजा लाडच्या आसपासचा मुलूख दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचा. घडाईला बेसॉल्ट भरड पडतो. कामाचा दगड मिळतो तो त्याच्या पोकळ्यांत भरलेला कॅल्सेडनी, अकीक किंवा जास्पर. हे गोटे बहुधा लहान, त्यातही मध्यभागी स्फटिक. एवढ्याशा गाभ्यातून मोठे टोक काढण्यापेक्षा नखाएवढी पाती काढणे शहाणपणाचे. म्हणून आपल्याकडचा बाण जोडकामाचा : दांड्याच्या खाचेत राळेने बसवलेली चंद्रकोरी, त्रिकोणी सूक्ष्मास्त्रे. भीमबेटकाच्या शैलचित्रांत काटेरी बाण दिसतात. उत्तर प्रदेशातल्या सराय नाहर राय येथे तर एका सांगाड्याच्या हाडात रुतलेले सूक्ष्मास्त्र मिळाले. (ती शिकार जनावराची नव्हती, हे वेगळे सांगायला नको.)

तेव्हा निवड करताना आधी बूड पाहा. चंद्रकोरीची पाठ बोथट केलेली हवी. ती शोभेसाठी नसते. तिथे राळ धरते आणि धार दांडा चिरत नाही. मग जाडी : खाचेपेक्षा पाते जाड असेल तर दांडा उकलतो, फार पातळ असेल तर पहिल्याच आघाताला कडा उडते. एका बाणावरची पाती वजनाने सारखी असावीत, नाहीतर बाण भरकटतो. गोटा फोडण्यापूर्वी हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द आला तर आत चीर आहे असे समजा.

उलट बाजूही लक्षात असू द्या. सापडलेले प्रत्येक पाते बाणाचे नसते. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत पात्यांचा खच मिळतो, पण धारेवर कापणीची चकाकी असेल तर ते विळ्याचे पाते. बाणाचा दावा करायचा तर टोकाकडून मागे पळालेली आघाताची चीर भिंगाखाली दाखवा. नुसता आकार पुरावा होत नाही.

प्रतिकृतीच्या चाचणीबद्दल मात्र सवलत नाही. कारंजा-सोहोळ अभयारण्यातले काळवीट बघायचे असतात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार गुन्हा आहे, आणि ‘प्रयोग’ म्हटल्याने तो गुन्हा धुऊन निघत नाही. खाटकाकडून बरगडीचा तुकडा आणा, मागे ओल्या मातीचा ढीग रचा. बाण किती शिरला आणि पाते कुठे तुटले, तेवढ्यावर नीट समजते.

शेवटी एक विनंती. प्रतिकृतीवर शाईने तारीख घाला. घडाई घराच्या अंगणात ताडपत्री अंथरून करा, कपचे गोळा करा आणि पुरायचेच असतील तर सोबत चालू वर्षाचे एखादे नाणे टाका. नाहीतर ओढ्याकाठी सांडलेला तुमचा कचरा पुढचा सर्वेक्षक मध्याश्मयुगीन स्थळ म्हणून नोंदवून जाईल.