लेडल, व्हीएमसी आणि दोन घड्याळे

एसजी आयर्नच्या लेडलमध्ये मॅग्नेशियमची प्रक्रिया होते, धूर आणि पांढरा लखलखाट ओसरतो, आणि त्या क्षणापासून वेळ मोजायला सुरुवात होते. मॅग्नेशियममुळे लोखंडातला ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोल गाठींच्या रूपात तयार होतो, म्हणून कास्टिंगला पोलादाच्या जवळ जाणारी ताकद येते. पण वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम टिकत नाही, मिनिटागणिक कमी होत जाते. ओतायला उशीर झाला तर कास्टिंग वरून तसेच दिसते, आतून मात्र बिघडलेले असते. ते कळते लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली, नाहीतर थेट ग्राहकाच्या दारात. आमच्या फाउंड्रीत यासाठी आठ मिनिटांची मर्यादा आहे. त्यानंतर लेडलमध्ये उरलेला माल साच्यात जात नाही.

या आठ मिनिटांसाठी मला सापडलेले सर्वांत चोख साधन म्हणजे पाणबुड्याच्या घड्याळाची फिरती कडा, म्हणजे बेझल. तिच्यावरचा चमकता ठिपका मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायचा. मग बटण नको की हिशेब नको, नुसती नजर टाकली तरी किती मिनिटे गेली ते दिसते. ही बेझल एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागलाच तर ती गेलेला वेळ जास्त दाखवेल, कमी कधीच दाखवणार नाही. पाण्याखाली या खबरदारीमुळे माणूस हवा संपण्याआधी वर येतो, आमच्याकडे शंकास्पद लेडल वेळेत बाजूला निघते. चूक व्हायचीच असेल तर ती सुरक्षित बाजूला व्हावी, ही रचना ज्याला सुचली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझ्याकडे दोन डाइव्ह क्रोनोग्राफ आहेत, म्हणजे बटण दाबून वेळ मोजता येणारी पाणबुड्यांच्या घराण्यातली घड्याळे. एक ओमेगाचे सीमास्टर डायव्हर ३०० एम, दुसरे ट्यूडरचे ब्लॅक बे क्रोनो. ट्यूडर घेतले दुसऱ्या व्हीएमसीचे, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटरचे, कर्ज फिटले त्या वर्षी, ओमेगा त्यानंतर. अशा महागड्या घड्याळांबद्दल आपल्याकडे बोलणे होते ते लग्नाच्या हॉलमध्ये: कितीला पडले, उद्या विकले तर किती येतील, नाव कुणाचे मोठे. मला ती चर्चा अपुरी वाटते. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून मोटारींचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे भाग देशभर जातात. इथे तरी घड्याळ यंत्र म्हणून पारखले गेले पाहिजे.

शोरूममध्ये सहसा सांगितली जात नाही अशी एक गोष्ट आधीच सांगतो. ब्लॅक बे हे ट्यूडरच्या पाणबुड्या घड्याळांचे घराणे. ट्यूडरचे पहिले सबमरीनर १९५४ चे, आणि फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांनी ती घड्याळे वर्षानुवर्षे वापरली. पण २०१७ साली आलेल्या ब्लॅक बे क्रोनोची बेझल फिरतच नाही. तिच्यावर टॅकिमीटरची पट्टी कोरलेली आहे. मोटार एक किलोमीटर अंतर किती सेकंदांत कापते ते मोजायचे आणि काट्यासमोरचा आकडा वाचायचा, तो ताशी वेग. म्हणजे शर्यतीच्या मैदानावरची पट्टी पाणबुड्याच्या घड्याळावर आली. लेडलच्या कामाला हे घड्याळ निम्मे निरुपयोगी, हे मला मान्य करावेच लागते.

मशीन शॉपमध्ये मात्र हीच पट्टी सोन्यासारखी कामाला येते. टॅकिमीटर म्हणजे दुसरे काही नाही, ३६०० भागिले सेकंद. किलोमीटरच्या जागी नग धरा. एक जॉब बाहेर पडल्यापासून पुढचा बाहेर पडेपर्यंत ४५ सेकंद लागले तर काटा ८० वर उभा राहतो, म्हणजे तासाला ८० नग. ४० सेकंद लागले तर ९०. इन्सर्ट बदलला, फीड थोडा वाढवला आणि ४० चे ३८ सेकंद झाले, की काटा ९५ च्या जवळ जातो. दोन सेकंदांनी तासाला जवळपास पाच नग वाढले हे ऑपरेटरला कागदावर समजावून सांगण्यापेक्षा डायलवर दाखवले की लगेच पटते. आणि पटले की पुढचे दोन सेकंद तोच शोधून काढतो. एक मिनिटाच्या पुढच्या सायकलला पट्टी चालत नाही, तिथे साधा हिशेब करावा लागतो. बुश, गाइड, छोटे फ्लॅंज अशा कामांना ती पुरते.

इथे एक गोष्ट ठामपणे लिहितो, कारण तरुण मुलेही हे सदर वाचतात. फिरत्या चकजवळ किंवा स्पिंडलजवळ मनगटावर घड्याळ, बोटात अंगठी, सैल बाही यांतले काहीही चालत नाही. घड्याळ कितीही भारी असले तरी हात त्याहून मोलाचा आहे. सायकल टाइम बंद दाराबाहेर उभे राहून घ्यायचा.

आता डाइव्ह क्रोनोग्राफ या प्रकारातल्या मूळ अडचणीकडे येतो. पाण्याला बंद डबी हवी असते आणि क्रोनोग्राफला भोके हवी असतात. साध्या घड्याळाला किल्लीचे एकच भोक, क्रोनोग्राफला बटणांची आणखी दोन. ओमेगाला तर हेलियम व्हॉल्व्हसह चार. प्रत्येक भोकात दांडी हलणार, प्रत्येक दांडीभोवती ओ-रिंग बसणार, आणि ती झिजणार. हायड्रॉलिक सिलिंडर उघडून बसवलेल्या कुठल्याही फिटरला या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. ट्यूडरने यावर बटणांना आटे देऊन ती कसून बंद करण्याचा मार्ग निवडला. घड्याळ २०० मीटरचे, पण वेळ मोजायची तर आधी दोन्ही बटणे सैल करा, मोजून झाल्यावर पुन्हा कसा. ओमेगाची बटणे सरळ दाबता येतात आणि तरीही घड्याळ ३०० मीटरचे आहे. बांधणीच्या दृष्टीने हे अवघड काम आहे, आणि त्याची किंमत जाडीत मोजावी लागते. ओमेगा ४४ मिलिमीटर रुंद आणि सुमारे १७ मिलिमीटर जाड. शर्टाची बाही त्यावरून जात नाही. ट्यूडर ४१ मिलिमीटरचे, जाडी साधारण साडेचौदा. दिवसभर घालायला तेच बरे वाटते.

पाणबुड्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे. त्यात लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली घड्याळ तपासतात. म्हणजे ३०० मीटरचे घड्याळ ३७५ मीटर खोलीइतका दाब सोसून येते. त्यातली दवाची चाचणी मला फार आवडते. घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत गरम करायचे, काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. काचेच्या आत दव धरले तर आत ओल शिरली आहे, घड्याळ बाद. सिलिंडर हेड पाण्यात बुडवून हवेचा दाब देऊन बुडबुडे शोधणाऱ्या आमच्या मुलांना ही चाचणी सांगितली, तेव्हा त्यांनी मान डोलावली. आपल्याच बिरादरीतले काम आहे हे.

त्या हेलियम व्हॉल्व्हबद्दल पुष्कळ जण विचारतात. मुंबई हायला समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे. तेलवाहिन्या आणि फलाटांची पाण्याखालची कामे करणारे सॅच्युरेशन डायव्हर कित्येक दिवस दाबाखालच्या बंद खोलीत राहतात आणि हेलियम मिसळलेल्या हवेत श्वास घेतात. हेलियमचा अणू इतका लहान की तो सीलमधून घड्याळात शिरतो. दाब उतरवताना तो तितक्या लवकर बाहेर पडत नाही आणि आतून काच उडण्याची भीती असते. व्हॉल्व्ह ती वाट मोकळी करतो. ही गरज मुंबईपासून दीडशे-एक किलोमीटरवर काम करणाऱ्या माणसांची खरीखुरी गरज आहे. माझी नाही. तारकर्लीला एमटीडीसीचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तिकडे उतरताना मी ओमेगा हातात ठेवले होते, पण प्रशिक्षकांच्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर होते, आणि आज पाण्याखाली खरा भरवसा त्याचाच. घड्याळ जोडीला असते.

इंजिनाकडे वळू. ओमेगात कॅलिबर ९९००, ट्यूडरमध्ये एमटी ५८१३. दोन्हीही सेकंदाला आठ ठोके देतात, दोन्हींत कॉलम व्हील आहे आणि उभा क्लच आहे. जुन्या क्रोनोग्राफमध्ये बटण दाबले की एक चाक सरकून दुसऱ्याच्या दात्यांत शिरायचे. दातावर दात आला की सेकंदकाटा उडी मारायचा. उभ्या क्लचमध्ये दोन चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि काटा सरळ चालू लागतो. बॅकलॅशशी रोज झगडणाऱ्याला यातले सुख वेगळे सांगायला नको. ओमेगाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे को-ॲक्सियल एस्केपमेंट. इंग्रज घड्याळजी जॉर्ज डॅनियल्सने ती १९७० च्या दशकात शोधली आणि ओमेगाने १९९९ मध्ये बाजारात आणली. तिच्यात घासत सरकण्याचे प्रमाण फार कमी, म्हणून वंगणावरचा भार कमी.

अचूकतेबद्दल लोक फार मोघम बोलतात, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. ओमेगाची परीक्षा स्वित्झर्लंडच्या मेटास या सरकारी संस्थेच्या नियमांनुसार होते: दिवसाला शून्य ते जास्तीत जास्त पाच सेकंद पुढे. ट्यूडर स्वतःच्या घड्याळांना उणे दोन ते अधिक चार सेकंदांची मर्यादा घालते. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांत पाच सेकंदांची चूक म्हणजे १०० मिलिमीटरच्या बोअरमध्ये सहा मायक्रॉनहूनही कमी. आणि हे एका स्प्रिंगच्या जोरावर, हाताच्या हालचालीवर, उन्हात आणि गारव्यात. मी मायक्रॉनच्या धंद्यात आहे, म्हणून मला हे दरवेळी थक्क करते.

चुंबकाचा मुद्दा आमच्यासाठी खास महत्त्वाचा. सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक, भंगार उचलणारे मॅग्नेट, इंडक्शन फर्नेस, सगळे एका आवारात. पोलादी केसस्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटते. या दोन्ही घड्याळांत ती सिलिकॉनची आहे. पण ओमेगा अख्खे घड्याळ १५,००० गॉसला तपासते, तर सर्वसाधारण मानकाची मागणी ६० गॉसच्या आसपास. इथे ओमेगा सरळ पुढे आहे.

आता ज्या आक्षेपाचा मला राग येतो तो. ट्यूडरचे क्रोनोग्राफ इंजिन मुळात ब्राइटलिंगचे, २००९ च्या बी०१ वर आधारलेले. त्यावर ट्यूडरने स्वतःचे नियमन आणि सिलिकॉन स्प्रिंग बसवली. बदल्यात ब्राइटलिंगने ट्यूडरचे तीन काट्यांचे इंजिन घेतले. यावर हौशी मंडळी नाक मुरडतात: "दुसऱ्याचे इंजिन आहे हो." उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत सारे कोल्हापूर ज्या पद्धतीवर उभे आहे तीच ही पद्धत आहे. पॅटर्न एकाकडे, कास्टिंग दुसऱ्याकडे, मशीनिंग तिसऱ्याकडे, हीट ट्रीटमेंट चौथ्याकडे. ज्याचा हात ज्या कामावर बसला आहे त्याने ते काम करावे आणि दुसऱ्याचे कौशल्य मोकळ्या मनाने घ्यावे. सगळे एकाच छताखाली झाले म्हणून माल चांगला ठरत नाही. तो मापात बसला तर चांगला. या इंजिनाची मापे बसतात, ७० तास चालते, आणि मला त्यात कमीपणा दिसत नाही.

माझ्या वडिलांच्या पिढीला हे अधिक चांगले कळले असते. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये मशीन टूल्स बनवण्यासाठी सुरू झाली आणि १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनकडून तंत्र घेऊन बेंगळुरूला घड्याळे बनवू लागली. आमच्या शेडमध्ये एचएमटीचा लेथ होता आणि वडिलांच्या मनगटावर एचएमटीचे किल्लीचे घड्याळ. त्याच्या सेकंदकाट्यावर ते सायकल टाइम काढायचे. २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. क्रोनोग्राफ बनवण्याची कुवत असलेला एक देशी पाया तिथे वाया गेला, असे मी आजही मानतो.

उणिवा दोघांतही आहेत. ट्यूडरचा चौकोनी टोकाचा तासकाटा दिवसातून अनेकदा छोट्या डायलवर येऊन बसतो आणि नेमका हवा तो आकडा झाकतो. त्याची मिनिटेही ४५ पर्यंतच मोजली जातात. ओमेगाच्या एकाच छोट्या डायलवर ६० मिनिटे आणि १२ तास दोन्ही आहेत, त्यामुळे पूर्ण शिफ्टची हीटही घड्याळ वाचावे तशी वाचता येते. पण त्याच्या बेझलची कडा लाटांसारखी कापलेली, तेलकट बोटांना ती पकड देत नाही. फाउंड्रीचे हातमोजे चढवल्यावर तर फिरवणे अशक्य. लाखो रुपये घेणाऱ्या कंपनीने ही कडा बदलली पाहिजे.

निकाल द्यायचा तर, एकच ठेवायची वेळ आली तर मी ओमेगा ठेवीन. बेझल लेडलची आठ मिनिटे सांभाळते आणि त्याच वेळी क्रोनोग्राफ पोअरिंगचे सेकंद मोजतो. या प्रकाराच्या नावात जी दोन कामे आहेत ती दोन्ही हेच घड्याळ एकदम करते. मनगट बारीक असेल, काम मशीन शॉपमधले असेल, तर बिनदिक्कत ट्यूडर घ्या. आणि कुठलेही घेतले तरी दरवर्षी पावसाळ्याआधी त्याची प्रेशर टेस्ट करून घ्या. डायलवर २०० मीटर लिहिलेले असो की ३००, आतली ओ-रिंग रबराची असते आणि रबर वर्षांनी कडक होते.